पंधरांपैकी चौदा

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

पोर्टलवरून मेल. 'युवर रिव्हॅलिडेशन इज ड्यू.' सप्टेंबरात. एकवीस वर्षं इंग्लंडात लोकांच्या पित्तनलिकांमधले खडे काढतेय, तरी दर पाच वर्षांनी सिद्ध करायचं की मी अजून डॉक्टर आहे! कोर्सेसचे पॉइंट्स गोळा करा, ऑडिट दाखवा, 'रिफ्लेक्शन' लिहा. म्हणजे काय चुकलं ते छान इंग्रजीत मांडायचं, आणि त्यातून आपण किती शहाणे झालो तेही आपणच सांगायचं.

उदय म्हणे, "अगं वरदा, सगळेच करतात." नवऱ्याचं काय जातंय! बँकेतल्या आयटीवाल्याला कोण विचारतं, तुला काम येतं का म्हणून?

शनिवार, ८ फेब्रुवारी

माझ्या कामाबद्दल पंधरा सहकाऱ्यांना निनावी फॉर्म जाणार. ते पंधरा निवडायचे आपणच — ही खरी गंमत. जो तो आपल्या गोटातली माणसं घालतो. मी आमच्याच विभागातल्या सुनेत्राचा भरला, ती माझा भरेल. अहो रूपम् अहो ध्वनिः!

प्रज्ञेशच्या नावापाशी दहा मिनिटं अडले. नागपूरहून आला तेव्हा दुर्बीण कशी धरायची ते मी शिकवलं त्याला. आता शेजारच्या खोलीत माझ्याइतकीच लिस्ट, म्हणजे दिवसभराचे पेशंट, करतो. घातलं नाव. नाही घातलं तर डोळ्यावर येतं.

सोमवार, ३ मार्च

वाईट लिस्ट. दुसऱ्याच पेशंटला पन्नास मिनिटं. तार नलिकेच्या तोंडाशी जायची आणि घसरायची. पुन्हा, पुन्हा. मॉरीन — एंडोस्कोपीची सिस्टर, अकरा वर्षं माझ्या शेजारी उभी — हळूच म्हणाली, "शॅल आय गिव्ह प्रज्ञेश अ शाउट?" मदतीला बोलावू का त्याला, म्हणजे.

"नो, मॉरीन. यू शॅल नॉट."

शेवटी गेली तार. नलिकाच अरुंद होती. कुणालाही वेळ लागला असता.

बुधवार, ५ मार्च

त्याच पेशंटच्या, मिस्टर लॉवेलच्या, स्वादुपिंडाला सूज. वय अठ्ठ्याहत्तर. धोका माहीतच असतो, कन्सेंट फॉर्मवर छापलेला असतो. पण तार जितक्या वेळा अडखळते तितका तो वाढतो, हेही माहीत असतं.

बायको त्यांच्या उशाशी बसली होती. मला म्हणाली, "थँक यू फॉर एव्हरीथिंग, डॉक्टर." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

गुरुवार, १३ मार्च

मिस्टर लॉवेल घरी गेले. सुटले. मीही.

गुरुवार, १० एप्रिल

फॉर्मचा रिपोर्ट आला. पंधरांपैकी चौदा उत्तरं. तेरा जणांनी आरती ओवाळली आहे. चौदावा लिहितो — 'उजवा हात मंदावला आहे. तार घालायला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. मदत सुचवली की चिडतात. काळजी वाटते.'

काळजी वाटते म्हणे!

स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली हात समोर धरून उभी राहिले. पाच मिनिटं, घड्याळ लावून. कापत नाही. जरासुद्धा नाही!

हा प्रज्ञेशच. दुसरं कोण असणार? माझी सोमवारची लिस्ट मोकळी झाली तर कुणाला मिळेल?

शुक्रवार, ११ एप्रिल

जेवताना उदयला सगळं सांगितलं. "आला तेव्हा राहायला जागा नव्हती. तीन आठवडे आपल्याच घरात राहिला, जेवला. असल्यांना कितीही करा —"

उदयचा घास हातात राहिला. "असल्यांना म्हणजे?"

मला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं, त्यालाही. पंचावन्न वर्षांची बाई मी. लाज वाटली. राग मात्र गेला नाही.

सोमवार, १४ एप्रिल

प्रज्ञेश रजेवर. बाबासाहेबांची जयंती, लंडनमध्ये ते राहायचे त्या कॅमडेनच्या घरी गेला असणार, दर वर्षी जातो. भांडण उद्यावर.

मंगळवार, १५ एप्रिल

कॉफी मशीनपाशी गाठलं. "तोंडावर बोलायची हिंमत नव्हती का रे?"

त्यानं कप खाली ठेवला. "मॅडम, मी तुमचा फॉर्म भरलाच नाही. उत्तर न देणारा तो पंधरावा मी."

"का?"

"तीनदा ओपन केला, तीनदा क्लोज केला. खरं लिहिलं असतं तर तुमचं नुकसान. खोटं लिहिलं असतं तर पेशंटचं." मग म्हणाला, "माझं चुकलंच. सरळ तुमच्याकडे यायला हवं होतं."

"उपकार झाले," म्हटलं आणि कॉफी तिथेच सोडून आले.

मग लिहिलं कुणी? मॉरीन? सुनेत्रा? दिवसभर एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. सगळे नेहमीसारखेच हसत होते. सगळ्यांना माहीत आहे की काय?

मंगळवार, २९ एप्रिल

अप्रेझल. हेलन, माझी अप्रेझर, बोलायला गोड. "वन कॉमेंट इजन्ट अ व्हर्डिक्ट, वरदा. बट व्हॉट डू यू थिंक?"

मला काय वाटतं? मला वाटतं, ज्यांना स्वतःला नाचता येत नाही ते अंगण मोजत बसलेत! हे इंग्रजीत सांगता येईना. म्हटलं, दोन वर्षांच्या चांगल्या लिस्ट तारीखवार दाखवते.

"डू," म्हणाली. दोन आठवडे दिलेत. दाखवतेच.

गुरुवार, १ मे

तारखा काढायला याच वहीची मागची पानं उलटली. जून २०२३ — पानावर सतरा ओळी. गोल, ठसठशीत अक्षर. या फेब्रुवारीत चोवीस. परवाच्या पानावर तेहेतीस, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे मुंगीएवढी होत गेलेली. वही तीच. पेन तेच.

हात न कापताही पार्किन्सन्स असू शकतो. अक्षर आधी बारीक होतं. हे मी स्वतः ज्युनिअर्सना शिकवलंय.

प्रज्ञेशला फोन केला. म्हटलं, पुढच्या लिस्ट तू कर. "हो मॅडम," म्हणाला. किती आठवडे, ते त्यानं विचारलं नाही.