लागण होण्याइतकं जवळ

प्रिय ठमे,

पन्नाशीच्या बाईला ठमी म्हटलेलं तुला आवडणार नाही, पण तुझं खरं नाव घातलं तर पत्र बँकेतून आल्यासारखं वाटेल. वर्ष झालं, आपण बोललो नाही. भांडण झालं असतं तर निदान मिटवायला तरी कुणी आलं असतं; आपण नुसत्याच राहून गेलो.

माझं तसंच चाललंय. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाला नाक लावून बसते, भिंगं बदलते आणि विचारते, आता बरं की आधीचं बरं होतं? पुष्कळजण उसासा टाकून म्हणतात, आधीचंच बरं होतं हो. मग सांगावं लागतं, की मी भिंगाबद्दल विचारतेय. घरी टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. एकीवर मी, दुसरीवर इस्त्रीचे कपडे. कपडे बरे, उलटून बोलत नाहीत.

साखरेचं मात्र बिनसलंय. पूर्वी ती उतरली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, मी लगेच काहीतरी गोड तोंडात टाकायचे. आता शरीराने कळवणंच सोडलंय, तुझ्यासारखं. परवा एका गृहस्थांचे डोळे तपासता तपासता मी त्यांच्या मांडीवरच कोसळले. त्यांना वाटलं, हाही तपासणीचाच भाग. चार माणसांत होते म्हणून वाचले. घरी असते तर इस्त्रीच्या कपड्यांनी काय केलं असतं?

तर मी साखरेसाठी जाते त्या इस्पितळात एक नवा प्रयोग चाललाय. डुकराच्या स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी अगदी बारीक गोळ्यांत बंद करून माणसाच्या पोटात सोडतात. हसू नकोस. ती डुकरं तुझ्या-माझ्यापेक्षा सोवळ्यात वाढतात. गाळलेली हवा, निर्जंतुक खाणं, आणि आत जायचं तर माणसाने आधी आंघोळ करायची! बाहेरचे विषाणू असे दाराशीच अडवता येतात. पण काही विषाणू डुकराच्या वंशातच मुरलेले असतात, पणजी-खापरपणजीपासून, आपल्या घराण्यातल्या हट्टासारखे. ते धुऊन जात नाहीत. ते कुणा माणसाला लागल्याचं आजवर तरी दिसलं नाही, असं पोरगेला डॉक्टर सांगतो. ‘आजवर तरी’ तो इतक्या हळू म्हणतो, की मला तेवढंच ऐकू येतं. म्हणून पेशी घेणाऱ्याचं रक्त वर्षानुवर्षं तपासत राहतात.

मला कांजिण्या आल्या तेव्हा आईने तुला उचलून माझ्याच अंथरुणात आणून टाकलं होतं, आठवतं? दोघींचं एकदाच काय ते उरकू दे, म्हणाली. तू ठणठणीत होतीस, आणि भोकाड पसरून वर भिंतीकडची बाजू बळकावलीस. मग अंगभर फोड आल्यावर माझ्या पाठीला पाठ घासत खाजवत पडलीस. तसं सुख मला पुढे कुणाच्या सोबतीत मिळालं नाही. नवरा होता तेव्हाही नाही.

आता मुद्द्यावर येते. त्या प्रयोगात नुसतं माझं रक्त चालत नाही, जवळच्या माणसाचंही लागतं. काही पसरायचंच झालं तर आधी त्यालाच लागणार ना! नर्सबाईंनी विचारलं, तुमच्या ताटात जेवणारं, तुमचा पेला उचलणारं कोण? मी गिऱ्हाईकं सांगितली. अहो ताई, गिऱ्हाईकं कसली सांगताय, म्हणाल्या. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना विचारलं, तर त्यांनी दाराआडूनच हात जोडले. सगळे त्या विषाणूला भितात, ठमे, आणि माझी पंचाईत अशी, की माझ्याकडून लागण व्हावी इतकं जवळ कुणी नाहीच. एकटीला हा उपचार सगळ्यात जास्त हवा, आणि एकटीलाच तो मिळत नाही. पुढच्या आठवड्यात नाव सांगितलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला जाईल. तुझी लेक लांब गेली, आता तूही एकटीच; तुझं नाव सांगू? धोका नाहीच असं म्हणणार नाही, ते ‘आजवर तरी’ तुलाही लागू. पण त्या बाई खोदून खोदून विचारतात, आणि खोटं बोललीस की तुझे कान लाल होतात. तेव्हा आधी राहायला ये. माझ्या पेल्यातलं पाणी पी, माझ्या ताटातलं उचलून खा, म्हणजे विचारतील तेव्हा खरंच सांगता येईल. खुर्चीवरचे कपडे मी आजच उचलून ठेवलेत.

तुझीच,
भिंतीकडची बाजू मोकळी ठेवून झोपणारी,
ताई