शेवटच्या ओळीतली तीन झाडं

सणसर, मंगळवार, दिवेलागणीला

नात बारामतीला कॉम्प्युटर शिकते. अभ्यासासाठी आपली डाळिंबाची बाग त्यात मांडतेय, एका झाडाला एक चौकट. कालव्यामुळं बाग तिरकी, प्रत्येक ओळ आधीच्यापेक्षा आखूड. फोनवर मी विचारलं, "मग उरलेल्या चौकटी रिकाम्या ठेवतीस व्हय?"

हसली. "न्हाय ओ आबा! ओळ जेवढी तेवढीच धरायची. रिकामी चौकट ठेवायचीच न्हाय. शेवटच्या ओळीत किती झाडं? आजीनं लावलेलं झाड तितंच हाय ना?"

"तीन," मी म्हणालो.

आहेत दोनच. हिनं लावलेलं तिसरं झाड ही गेल्यावर वाळलं, मीच उपटलं. मग पोरीला खोटं का सांगितलं? दोन म्हणालो असतो तर ओळ दोनाचीच झाली असती. तिथं कुणी होतं, हे सांगायला रिकामी चौकटही उरली नसती.

शाळेत ओवी म्हणताना शेवटच्या आखूड चरणापाशी मी रेंगाळायचो. अजून काही यायचं राहिलंय, असं वाटायचं. आता त्या तिसऱ्या झाडाच्या जागी तसाच उभा राहतो.

पोरीचा अभ्यास चुकायला नको. उद्या फोन करून दोन सांगेन. आजच्यापुरती तीन असू देत.