दहापैकी दोन

आबा, तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि तुमच्याशी भांडायची माझी ही पहिलीच वेळ. जिवंतपणी कुठली टाप होती? तुम्ही नुसतं खाकरलात तरी आम्ही भावंडं ताटावरनं उठायचो. आज दुपारी तुमची सून औषधाच्या गुंगीत झोपलीय. मी तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलोय. सिस्टरनं औषधांच्या वेळा लिहायला वही दिलीय, तिची मागची पानं कोरी आहेत, त्यावर हे लिहितोय. तिला कॅन्सर झालाय. पोटातली गाठ पाठीच्या मणक्यापर्यंत पोचली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या. आम्ही घरी आणलं.

मी चौथीत असेन. तुम्ही उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होतात, साच्यात लोखंडाचा रस ओतायला. त्या दिवशी ओतताना काहीतरी कलंडलं आणि रस तुमच्या उजव्या पायावर आला. तशाच पायानं तुम्ही सायकल मारत घरी आलात, स्वयंपाकघरात पाटावर बसलात, पाय पाण्याच्या परातीत सोडलात आणि आईला म्हणालात, "च्या टाक." चहा! इथं पायाची कातडी सुटून पाण्यात तरंगतीय आणि ह्यांना चहा पाहिजे. मी भोकाड पसरलं. तुम्ही माझा कान धरून पिळलात. "रडतोस का रं? पाय माझा भाजलाय का तुझा? ध्येनात ठेव. आपलं दुखणं आपल्यापाशी. सांगितलं की एकाचं दुखणं दोघांचं हुतंय." कान लालभडक झाला, पण वाक्य पाठ झालं. गल्लीतली माणसं बघायला आली, त्यांना तुम्ही सांगत होतात, जरा चटका बसलाय, बाकी काय न्हाय.

पुढं मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागली तेव्हा तुम्ही माझ्यापुढं एक खोकं टाकलंत. आत बूट होते, पुढं लोखंडी टोपी बसवलेले. "घाल. उगंच आणल्यात." बस्स, एवढंच. तुम्ही स्वतः सारा जन्म चपलांवर काढलात. तेव्हा मला नुसता आनंद झाला. आता वाटतं, म्हणजे तुम्हाला माहीत होतं की किती दुखतं ते. मग एकदा तरी तोंडानं बोलायचं होतं की, आबा. बुटाच्या खोक्यातनं कुठं माणसाला एवढं कळतं?

तुमची सून गारगोटीकडची, पाच बहिणींतली चौथी. माहेरी तिला कुणी कधी नावाजलं असेल असं मला वाटत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी घरात पाहुणे होते आणि ही वडे तळत होती. कढईतलं तेल मनगटावर उडालं. हिनं पदर गुंडाळला आणि राहिलेलं सगळं तळून काढलं. पंगत उठता उठता कुणाच्यातरी ध्यानात आलं. तुम्ही मोठ्यांदा म्हणालात, "बघा पावणं, ह्येला म्हणायचं बाईमाणूस. हूं न्हाय की चूं न्हाय. माझी सून हाय ही!" तिचा चेहरा मी बघितला होता. तो मनगटावरचा डाग तिनं पुढं कधी बांगड्यांनी झाकला नाही. आणि मीही तिला तेवढ्यासाठीच वाखाणत राहिलो. मित्रांच्या बायका सारख्या दवाखान्यात पळायच्या, मी छाती फुगवून सांगायचो, आमच्या हिचं तसलं काही नाही.

गेल्या वर्षी ती कमरेला ओढणी आवळून भाकरी थापायची. मी विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाय वो, वाकून वाकून भरलीया." मी पेपर वाचायला घेतला. खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं की काही नाही म्हणाली. असे दहा महिने गेले, आबा. दिवाळीला लेक पुण्याहून आली आणि दारातच ओरडली, "आई, तुझे डोळे पिवळे दिसतायत!" रोज समोर बसून जेवणाऱ्या मला ते दिसले नव्हते. डॉक्टर चिडून म्हणाले, "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" ही आपली हसून म्हणतीय, "त्यात काय सांगायचं डॉक्टर, हुतंय की कमी."

आता सिस्टर आठवड्यातनं एकदा येते आणि रोज अकरा वाजता फोन करते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर आज किती, असं विचारते. त्या आकड्यावर औषध कमी-जास्त होतं. ही रोज सांगायची, दोन. मी तोच आकडा फोनवर सांगायचो आणि वहीत लिहायचो. पुढची पानं उलटून बघितली तर दोन, दोन, दोन.

गेल्या मंगळवारी मी चहा ठेवायला आत गेलो. कपाटाच्या आरशात स्वयंपाकघरातनं तिची कॉट दिसते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि मान वाकडी करून तो चावत होती. मी कपबशी घेऊन बाहेर आलो तर पदर खाली, आणि तोंडावर हसू. "साखर घातलासा का?" म्हणाली. मी चहा तिच्या हातात दिला.

तो बोळा बघितला आणि मला तुमचा टॉवेल आठवला. तुम्ही शेवटचे तीन महिने अंथरुणात काढलेत, पोटाच्या दुखण्यानं, आणि एकदाही कण्हला नाहीत. तुम्ही गेल्यावर आई धुणं धुताना तुमच्या उशाचा टॉवेल माझ्यापुढं धरून उभी राहिली. त्याचं एक टोक चावून चावून चिंध्या झालं होतं. ती नुसती रडली. आणि मी काय केलं? दहाव्याला चार लोकांत तो टॉवेल अभिमानानं दाखवला. "आबांनी टॉवेल चावला, पर हूं केलं न्हाय." लोक म्हणाले, असा माणूस पुन्हा होणार नाही. आई उठून आत गेली होती, मला तिचा रागच आला होता. आणि दाराशी पाण्याची कळशी घेऊन तुमची सून उभी होती. ती सगळं ऐकत होती. तिला हे कुणी शिकवलं म्हणून मी कुणाला विचारू, आबा? निम्मं तुम्ही, निम्मं मी.

त्या मंगळवारीच अकराला सिस्टरचा फोन आला. मी तिला विचारलंच नाही. स्वयंपाकघरात जाऊन हळू सांगितलं, आठ. सिस्टर म्हणाली, काका, हे आधी सांगायला पाहिजे होतं. मी बाहेर आलो. ही भिंतीकडं तोंड करून पडली होती. "आठ का सांगितलासा?" मी म्हटलं, "मी बघितलंय तुला." त्यावर ती जे बोलली ते तसंच्या तसं लिहितो. "मामंजी म्हणायचे, माझी सून हाय ही. सगळ्या जन्मात माझं म्हणून तेवढंच हुतं. त्येबी घालवलंसा."

औषध वाढवलंय. आता ती झोपून असते. जागी झाली तरी माझ्याशी बोलत नाही, पाणी पाजलं तर पिते आणि डोळे मिटते. सिस्टर म्हणाली, आता महिना म्हणजे पुष्कळ झाला. दुखणं तरी कमी आहे का, हे मला तिच्या तोंडून कधीच कळणार नाही. बरोबर केलं की चूक, हे सांगायला तुम्ही नाही, आई नाही. आणि तुम्ही असता तर काय म्हणाला असता, ते मला ठाऊक आहे.

लेक उद्या येणार आहे, त्याच्या आत ही पानं फाडून चुलीत घालीन. लेकीला कशाला?

एक तेवढं सांगायचं राहिलं. आज अकराच्या फोनवर तिचं सगळं विचारून झाल्यावर सिस्टर म्हणाली, "आणि काका, तुमचं काय? तुम्हाला दहापैकी किती?" मी म्हणालो, "मला काय धाड भरलीय?" ती ऐकेना. "सांगा की, काका."

दोन म्हणालो.