तांदळातली कुणाली

मुरबाडच्या व्याह्यांना, किशोररावांना, किन्हवलीहून गणूचा मनापासून रामराम. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? आमचं सगळं बरं. भात झोडून झालं, म्हैस व्यायली (पारडी झाली, सूनबाईचा पायगुण).

पत्र लिहितोय ते तुमच्या मुलीचं कौतुक सांगायला. मोठमोठ्या कंपन्यांतली माणसं सकाळी कॉम्प्युटर उघडतात, लॉगिन होत नाही म्हणून हिला फोन करतात. ही आमच्या पडवीत बसून (रेंज तिथेच येते, म्हशीशेजारी) शांतपणे विचारते, पासवर्ड कधी बदललात, दुसरीकडून आत गेला होतात का, आणि बघता बघता बंगळूरच्या साहेबाला आत सोडते. आवाज म्हणून चढत नाही. मी असतो तर साहेबाचा उद्धार केला असता.

पण मागच्या सोमवारी तीच बाहेर राहिली. झालं असं, लग्नात आम्ही तांदळात ‘कुणाली’ लिहिलं, तरी कंपनी अजून रुचिताच म्हणे. हे बरं दिसत नाही म्हणून आमच्या आदेशनं बायकोला न विचारता कंपनीतल्या तिच्या माहितीत नाव बदलून टाकलं (मी फक्त शेजारी बसून बदल, बदल म्हणत होतो). सकाळी कॉम्प्युटरनं कुणालीला कोणी नवीन बाई समजून आत घेतलं, पण हातात एकही काम दिलं नाही, आणि रुचिताची सगळी कामं बंद! नेमकी त्याच दुपारी पक्क्या नोकरीसाठी ती साहेबांना काम दाखवणार होती. मी देवाला नारळ बोललो. ती मात्र आमच्यावर एका शब्दानं ओरडली नाही. कंपनीतल्या अनिताला फोन लावून म्हणाली, “नाव नको बघूस गो, माझ्या नोकरीच्या नंबरावर दोन्ही खाती जोड. नाव बदललं तरी माणूस तोच हाय ना?” दुपारी ती आत, संध्याकाळी नोकरी पक्की. सोबत पेढे पाठवतोय.

आपला,
गणू

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. ‘कुणाली’ म्हणून कितीही हाका मारा, ती ओ देत नाही. कानाचं काही आहे का, हे तुम्हाला विचारणारच होतो. काल ‘रुचिता’ म्हटलं, तर पिठाच्या हातानंच धावत आली. तेव्हा तुम्ही ठेवलेलं नाव आम्ही पुन्हा घेतलं तर चालेल ना?

आणखी एक. आमची रंभा माहेरची कमळ. तांदळात रंभा मीच लिहिलं होतं. काल संध्याकाळी सहज ‘कमळ’ म्हणून हाक मारून पाहिली. ती पदर सावरत लगबगीनं दाराशी गेली आणि मला विचारते, “म्हायेरचं कोन आलंय?”