विनोद तपासूनच खाऊ मिळेल

१ ऑक्टोबर, रविवार

आजपासून रोजनिशी. यंदाचा हॅलोविन इतिहासात जाणार आहे आणि इतिहासाला पुरावा लागतो.

गेल्या वर्षी तीस तारखेला आमच्या दारात खाऊ मागायला नऊ मुलं आली. त्याआधीच्या वर्षी एकवीस. समोरच्या व्हर्न हाल्व्हरसनकडे दोन्ही वर्षी रांग. आज नाश्त्याला जोलीन म्हणाली, हे बघ लोवेल, यंदा दहाच्या खाली मुलं आली तर पुढच्या वर्षीपासून आपण बाहेरचा दिवा बंद करायचा आणि त्या दिवशी सरळ ओमाहाला माझ्या बहिणीकडे जायचं. बायकोच्या मनात आलं म्हणजे आलं. ओमाहाला तीन मांजरं आहेत आणि एक साडू आहे. साडू बेसबॉलवर बोलतो. म्हणजे प्रश्न जीवनमरणाचा आहे.

मुलं का कमी झाली याचा शांतपणे विचार केला. उत्तर स्वच्छ आहे. सजावट कमी पडते. बाकी माझ्या बाजूने काही राहत नाही.

ठराव: सजावट मी करणार. खाऊ मी घरी करणार. रोज जेवणानंतर एक भयपट, अभ्यास म्हणून. आणि यंदा जोलीनने कशातही हात घालायचा नाही. तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती बरं म्हणाली. जरा पटकनच म्हणाली.

३ ऑक्टोबर, मंगळवार

माझ्या दुकानात रंगाच्या काउंटरवर व्हर्न आला. काळा रंग हवा होता. त्याच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिलाय, त्याच्या मागच्या फळ्या काळ्या करायच्यात म्हणे. मला विचारतो, काय मालक, यंदा तुमच्याकडे काय? मी म्हणालो, वातावरण. तो म्हणाला, ते तर सगळ्यांकडेच फुकट असतं. मी त्याला काळ्याऐवजी गडद तपकिरी दिला. घरी जाऊन बघेल.

जेवणानंतर पहिला भयपट. अठरा मिनिटं पाहिला. तळघराचं दार आपोआप उघडतं त्या जागी बंद केला, कारण आपल्याही तळघराच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं राहिलंय हे आठवलं. तेल सकाळी घालीन. उजेडात काम नीट होतं.

जोलीनने विचारलं, जिन्यातले सगळे दिवे का चालू आहेत? बल्ब तपासतोय, म्हणालो.

८ ऑक्टोबर, रविवार

भोपळे कोरले. सात. जोलीन दारात उभी राहून म्हणाली, तीन आठवडे आधी कोरलेस तर सडतील रे. मी म्हणालो, सडतात ते निष्काळजी माणसाचे. आतून व्हिनेगर पुसलंय. मोठ्या भोपळ्यावर सैतानाचा चेहरा काढला. जोलीनला तो तिच्या मेहुण्यासारखा वाटला. म्हणजे चेहरा साधला.

संध्याकाळी विनोदांची वही काढून चाळली. आमच्या गावात खाऊ मागायला येणारं मूल आधी एक विनोद सांगतं, मग पिशवी पुढे करतं. तेही तीस तारखेला. बाकीचा देश एकतीसला येतो आणि नुसताच हात पुढे करतो. आमच्या रस्त्यावर ॲरिझोनाहून ओर्तेगा मंडळी राहायला आली तेव्हा त्यांना हे सगळं मीच समजावून सांगितलं होतं. आता रीत आहे म्हटल्यावर तिचा दर्जा कुणीतरी राखायला हवा. बाकीची घरं कशालाही हसतात. मी दहापैकी मार्क देतो आणि सुधारणा सुचवतो. गेल्या वर्षीचे सर्वांत जास्त मार्क चार. ओर्तेगांच्या मातेओला, वय आठ, मी याहून बरा विनोद घेऊन ये म्हणून परत पाठवलं होतं. मुलगा मेहनती दिसतो, अजून तयारी करत असावा.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चॉकलेटच्या दोन मोठ्या पिशव्या आणून ठेवल्या होत्या, घरचा खाऊ कमी पडला तर हाताशी असाव्यात म्हणून. आज एक रिकामी निघाली. खाऊ मुलांच्या पोटात जाणार, तेव्हा आधी तपासणं माझं कर्तव्य. तपासणीत दोष आढळला नाही. दुसरी पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथे हात पोचायला स्टूल लागतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टूल गॅरेजमधून आणलं. वेगळ्या कामासाठी.

१६ ऑक्टोबर, सोमवार

चार भोपळे बसले. म्हणजे खाली बसले, स्वतःच्याच अंगावर. उरलेल्या तिघांची तोंडं खारींनी मोठी केली. सैतानाला खालचा जबडाच नाही. व्हर्न पलीकडून ओरडला, लोवेल, तुमच्या भोपळ्यांना कवळ्या बसवून घ्या. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. सडका भोपळा हाच खरा भयंकर, हे त्याला कोण सांगणार.

जोलीन दारातून बघून आत गेली. बोलणार नाही असं तिने ठरवलंय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

कापसाचं कोळिष्टक लावलं. अंगणाच्या फाटकापासून दारापर्यंत एकसंध. दुपारी पोस्टमनबाई त्यात अडकली. टोपी आणि एक बाही. सोडवायला वीस मिनिटं लागली. ती म्हणाली, काका, हे राहिलं तर तुमची पत्रं यापुढे फाटकाबाहेर पडतील. मी म्हणालो, तुम्हाला भीती वाटली की नाही? ती म्हणाली, वाटली, घरी जायला उशीर होईल याची.

भीती ती भीती. वहीत नोंद केली.

२१ ऑक्टोबर, शनिवार

पॉपकॉर्नचे लाडू. आमच्या आजीची कृती. कॉर्न सिरपचा पाक, मीठ, लोणी, केशरी रंग. पहिला घाणा पातेल्यातून निघाला नाही. पातेलं गॅरेजमध्ये ठेवलंय. दुसरा घाणा निघाला, पण त्यातला एक लाडू हातातून पडला तेव्हा फरशीचा टवका उडाला. तिसरा उत्तम. साठ लाडू वळले.

जोलीनला राहवलं नाही. म्हणाली, अरे बाबा, घरी केलेला खाऊ हल्ली कुठली आई पोराला खाऊ देते? ओळखीच्या घरचा असला तरी कचऱ्यात जातो. बंद पाकिटातलं चॉकलेट आण. मी तिला ठरावाची आठवण करून दिली. ती पुन्हा बरं म्हणाली. या बाईत विश्वास कमी आहे. अख्खं गाव मला ओळखतं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

आनंदाची बातमी. शाळा सुटल्यावर मुलं आमच्या घराशी आली की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. आज खिडकीतून प्रत्यक्ष पाहिलं. पाच जण ओळीने पलीकडे गेले आणि आमचं घर संपल्यावर परत अलीकडे आले. म्हणजे घर भीतिदायक झालं. व्हर्नच्या सांगाड्याखाली मुलं चक्क फोटो काढतात. त्याला कोण घाबरणार?

जोलीन शाळेच्या भोजनगृहात वाढायला असते. तिला विचारलं, मुलांमध्ये आपल्या घराची चर्चा आहे का? आहे, म्हणाली. काय म्हणतात? ती म्हणाली, तूच म्हणालास ना, कशात हात घालू नकोस.

उत्सुकता ताणली गेलीय, हे उघड आहे.

भयपट: हा सातवा. नावं संपेपर्यंत पाहिला. म्हणजे सुरुवातीची नावं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

धुराचं यंत्र आणलं. घरात चाचणी घेतली. आगीची सूचना देणारा भोंगा वाजला, वरच्या मजल्यावरचा वाजला, तळघरातलाही वाजला. तिन्ही भोंगे उत्तम चालतात हे यानिमित्ताने कळलं, नाहीतर लोक वर्षानुवर्षं तपासत नाहीत. व्हर्न पाण्याची नळी घेऊन धावत आला. माणूस वाईट नाही. पण येताना कोळिष्टक तुडवत आला.

२९ ऑक्टोबर, रविवार

आठ भयपटांच्या अभ्यासाचं सार: भीती अंधारात असते. एकाही सिनेमात भुताच्या घराबाहेर पिवळा दिवा जळत नाही. तेव्हा उद्या बाहेरचा दिवा बंद.

जोलीन म्हणाली, लोवेल, दिवा बंद म्हणजे इथे खाऊ नाही, पुढे चला. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. पण तो नियम साध्या घरांना. इतकी सजावट पाहून कोण म्हणेल की या माणसाला पाहुणे नकोत?

३० ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ५.४०

सगळं तयार. लाडू टोपलीत. वही आणि पेन्सिल खिशात. दारावर पाटी: विनोद तपासूनच खाऊ मिळेल. मी काळा झगा घालून, अंधाराची वाट बघत दाराबाहेर खुर्चीवर. पुढच्या नोंदींसाठी टॉर्च मांडीवर. सहाला सुरुवात.

६.२५

वेग कमी आहे. मुलं आधी सोपी घरं उरकतात.

६.५०

तीन जण फाटकाशी थांबले. एक म्हणाला, इथे अंधार आहे. दुसरा म्हणाला, चल, बरं झालं. या 'बरं झालं'चा अर्थ लागला नाही. धूर जरा कमी केला.

७.१५

व्हर्नकडे रांग फुटपाथवरून वळलीय. प्रत्येक विनोदाला तो खदाखदा हसतो. इथपर्यंत ऐकू येतं. विनोद ऐकू येत नाहीत, पण ते इतके चांगले असणं शक्य नाही.

पाय गारठलेत. एक लाडू खाल्ला. दाढेतलं काहीतरी हललं.

७.३५

अजून एकही नाही. नऊही नाही. शून्य.

जोलीन बाहेर आली आणि शेजारी उभी राहिली. मी म्हणालो, यंदाच्या मुलांना काय झालंय कळत नाही. तिने लाडवांची टोपली बाजूला सरकवली. मग म्हणाली, यंदाच्या नाही रे. दरवर्षी भोजनगृहात रांगेतल्या एकेका पोराच्या ताटात वाढताना मी सांगायचे, आमच्याकडे या हं, तो बोलतो, पण मनाने चांगला आहे. गेल्या वर्षी त्यातली नऊ आली. यंदा नाही सांगितलं.

मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तूच म्हणालास हात घालू नकोस. आणि खरं सांगू, दमले मी.

मग तिने दिवा लावला आणि रस्ता ओलांडून गेली.

८.१५

जोलीन ओर्तेगांच्या धाकट्या नोएमीला घेऊन आली. वय पाच. मक्याचं कणीस झाली होती, पिवळ्या कागदातून फक्त तोंड बाहेर. आई फाटकाशी उभी होती आणि तिच्यामागे मातेओ. तो आत आला नाही.

नोएमीने विनोद सांगितला. एक गाय दार वाजवते. आतून विचारतात, कोण? ती म्हणते, गाय. खरी गाय असशील तर हंबरून दाखव. ती म्हणते, आज घसा बसलाय.

मी वही काढली नाही. हे लिहून ठेवतो. तीच म्हणाली, मातेओ म्हणतो तुम्ही मार्क देता, माझे किती? दहापैकी दहा, मी म्हणालो. ती म्हणाली, तुम्ही हसला पण नाहीत.

मग म्हणाली, आता तुम्ही सांगा. तुमची पाळी.

मी तोंड उघडलं. एकसष्ट वर्षांचा माणूस. इतकी वर्षं गावातल्या पोरांचे विनोद तपासतोय, आणि मला एक विनोद आठवेना. एकही. पोरगी वाट बघत उभी होती. जोलीन खाली बघत होती. शेवटी नोएमी म्हणाली, राहू दे, मला पण वर्गात असं होतं. तिने पिशवीत हात घातला आणि एक छोटं चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं.

मी तिला लाडू दिला. तिच्या आईने तो हसून घेतला आणि कोटाच्या खिशात टाकला. तो उद्या कुठे असेल ते मला ठाऊक आहे.

मला लाज वाटली. थट्टा नव्हे, खरंच लाज वाटली. मातेओशी बोलायला फाटकापर्यंत गेलो, पण तोवर तो निघून गेला होता.

३१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी पाटी काढली. कोळिष्टक काढायला दुपार झाली. व्हर्न मदतीला आला. गडद तपकिरी रंगाबद्दल अवाक्षर बोलला नाही, त्यामुळे मलाच सांगावं लागलं. तो म्हणाला, मला वाटलं माझा चष्मा बदलायला झालाय.

जेवताना जोलीन म्हणाली, बोलल्याप्रमाणे, पुढच्या वर्षी ओमाहा. मी म्हणालो, हो. मग म्हणालो, नाहीतर असं करू, दिवा लावायचा, बाहेरून आणलेलं चॉकलेट ठेवायचं आणि दारात तू उभी राहायचं. आणि तू? तिने विचारलं. मी म्हणालो, मी मागे उभा राहून हसेन.

तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, बघू जमतंय का. आणि तिने भोजनगृहात ऐकलेला एक विनोद सांगितला. बदकाचा होता. त्यात शेवट फार लवकर कळत होता आणि मधलं वाक्य अनावश्यक होतं, पण मी हे बोललो नाही. हसलो.

ती म्हणाली, तुला काही लागलं का?

पुन्हा हसलो. हे खोकल्यासारखं झालं, म्हणाली. तिसऱ्यांदा दात फार दिसले. चौथ्यांदा आवाज आधी आला आणि चेहरा मागून. पाचव्यांदा तीच हसायला लागली, पण ते धरायचं नाही, म्हणाली. ओमाहाचं अजून ठरलेलं नाही. रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं सराव करायचा आहे.