मागच्या अंगणातल्या खताचे वारस

मी, श्रीमती विमलाबाई साईनाथ नाखवा, वय ७६, निवृत्त परिचारिका, राहणार वर्तकनगर, ठाणे, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी लिहिलेलं सर्व रद्द समजावं.

१. तळमजल्याचं राहतं घर माझ्या स्वकमाईचं आहे. ते, खरेदीखतात नोंदलेल्या मागच्या अंगणासह, मुलगी हेमांगी हिला देते. मुलगा मयूर याला का नाही, ते लिहिते.

चौतीस वर्षं मी वॉर्डात पू, रक्त, सडलेल्या जखमा धुतल्या. किळस आली नाही. ती निवृत्तीनंतर आली, या अंगणात.

ओला कचरा जिरवायला आधी यजमानांनी खड्डा खणला. अंगण सखल, पावसात खड्डा भरला, मासळीची डोकी तरंगली, अळ्या भिंतीवर चढल्या. चूक आमची होती. लोक ओरडले ते बरोबरच. खड्डा बुजवला.

यजमान गेल्यावर मी गांडुळांची पेटी ठेवली. मासळी, मीठ, आंबट काही घालायचं नाही, हे पथ्य पाळलं. कढीलिंब तरारला. एका सकाळी पेटीला फिनेलचा वास. गांडुळं पांढरी पडून लिबलिबीत झालेली. शेजारचे बाबुराव तिथेच उभे.

"बाबुराव, काय ओतलंत?"

"वहिनी, किडे झाले होते. उलट आभार माना."

मग मयूरने विजेवर चालणारं खतयंत्र आणलं. "आई, बटण दाब, विषय संपला." त्यातून निघालेली भुकटी झाडांना घातली, तर चार दिवसांत बुरशी आणि घाण वास. ते खत नव्हेच, वाळवलेलं उष्टं.

२. सदर यंत्र मयूरला देते, खोक्यासकट.

हेमांगी डोंबिवलीहून येऊन दोन दिवस नुसती अंगणात बसली. पाणी कुठे साचतं, ऊन कुठवर येतं, ते पाहिलं. मग भोकं पाडलेली तीन मडकी विटांवर, एकावर एक रचली.

"आई, जागा ओली आणि सावलीची आहे, हवा खेळायला हवी. सालींच्या प्रत्येक थरावर सुका पाला. मासळी नाही, कबूल?"

"कबूल, बाई."

तिसऱ्या महिन्यात काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. हाताला वाससुद्धा राहिला नाही.

तरी गेल्या वर्षी सोसायटीत अर्ज आला: मडक्यांनी रोगराई पसरते, अंगणात फरशी घालून गाडीला जागा करावी. खाली बाबुरावांची सही आणि तिच्या शेजारी मयूरची. राहतो नौपाड्यात, गाडी लावायची माझ्या झाडांवर. रोगराई कशाला म्हणतात, हे त्याला मी शिकवलं होतं. ती सही पाहून मला उलटी झाली. हे शब्दशः घ्यावं.

३. सोन्याच्या पाटल्या सूनबाई अंतराला. तिने नवऱ्यासमोर त्या अर्जावर सही करायला नकार दिला.

४. ठेवी दोन्ही मुलांना समान. आई म्हणून एवढं करते.

५. बाबुरावांनी माझ्या दहाव्याला येऊ नये.

हे लिहीत असताना मयूरचा फोन आला.

"आई, घराचं काय लिहितेयस?"

"कचऱ्याचं लिहितेय."

"अजून तेच? मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल," म्हणाला आणि फोन ठेवला. कलम १ त्यानंतर पुन्हा वाचलं. एक अक्षर बदललं नाही.

सही: वि. सा. नाखवा

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष मी सही केली व ज्यांनी माझ्यासमक्ष केली:
१. डॉ. शिवानी मोरेकर
२. कल्पिता भोईर

ठाणे, ९ डिसेंबर २०२४