नऊ गिऱ्हाइकं

प्रिय ठकू,

तुझं पत्र आल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी एकाच्या फोनला दुसऱ्याचीच काच बसवली. वर्षभर राबून केलेली तुझी सहा गाणी जेमतेम नऊ जणांनी विकत घेतली, म्हणजे तुझा आवाज कोणालाच नको, म्हणून तू सोमवारपासून विमा कचेरीत रुजू होणार. महिन्याचा पगार येणार म्हणून आई खूश आहे. मलाही आधी हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण हे कोडं काही सुटत नाही. आमचा केस कापणारा तुझंच दुसरं गाणं गुणगुणत कात्री चालवतो. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तर त्याचीच रिंगटोन लावलीय. नऊ जणांत एवढे लोक मावले कसे?

तुला ठाऊकच आहे, फोन दुरुस्तीला आला की मी गाणी भरून देतो. डब्यात पीठ भरावं तशी. लहानपणी तू मेमरी कार्ड कानाला लावून, आत कोण कोण राहतं म्हणून विचारायचीस. दुकानातून कॅसेट चोरली तर एक कॅसेट कमी होते. गाणं फुकट उतरवलं तर कुठे काय कमी होतं? मला हे आजही धड कळत नाही.

काल जन्मात पहिल्यांदा गाणी विकत घ्यायला बसलो, तुझीच. जगाचे फोन उघडणारा मी, पैसे भरायच्या पानावर घामाघूम झालो. शेवटी गाणी आली, तर फोन विचारतो, ही गाणी आधीच आहेत, बदलायची का? दोन्ही लावून ऐकली. दोन्हींत तूच. हो-नाही काहीच न दाबता फोन तसाच ठेवून दिला.

ठकू, तुझी गाणी आली त्याच दिवशी मी ती एका फुकट्या साइटवरून उतरवली होती. मग दुकानात येईल त्याच्या फोनमध्ये, न मागता भरली. माझी लेक गाते म्हणून, छाती फुगवून. तीन-चारशे फोन तरी झाले असतील. तुझ्या पोटावर मीच पाय दिला गं, तोही कौतुकाने. नोकरी धर की सोड, मला सांगता येत नाही. पण तुझा आवाज कोणाला नको, असं समजून जाऊ नकोस. तो सगळ्यांना हवाय. मीच कोणाला विकत घ्यायची वेळ येऊ दिली नाही.

तुझाच,
गोंधळलेला बाबा